स्थानिक पालकाचं नाव व सही

९ जून, सोमवार

होस्टेलची सूचना आली. 'जुन्या विद्यार्थिनींनी वसतिगृह प्रवेशाचे नूतनीकरण २८ जूनपर्यंत करून घ्यावे. उरलेल्या जागा नवीन विद्यार्थिनींना देण्यात येतील.' आमच्या पाड्यावर नेटवर्क फक्त विहिरीच्या कठड्यावर चढल्यावर येतं, म्हणून उभ्यानेच वाचली, आणि वाचून हसले. मी आता तिसऱ्या वर्षाला. माझी पेटी अजून अकरा नंबरच्या खोलीत खाटेखाली कुलूप लावून पडलीय. मला कोण काढणार? नवीन पोरींनी घाबरावं, आपण कशाला?

दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका आहे. पंच्याहत्तर टक्के हजेरी आहे (शहात्तर, पण आहे). फिटनेसचा दाखला आईने चिंचपाड्याहून आणून ठेवलाय. बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "होस्टेल मिळालं तर जा. भाड्याची खोली नाही." ही त्यांची पहिल्या वर्षापासूनची अट. खोली नाही म्हणजे कॉलेज नाही, आणि कॉलेज नाही म्हणजे आमशामामाच्या टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोड. मामाने मागच्या महिन्यातच माझ्या हातांकडे बघून 'कोयता चालेल' म्हणून सांगितलंय. बी.एस्सी. करणाऱ्या पोरीचं याहून जास्त कौतुक आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही.

१० जून, मंगळवार

सूचनेला दुसरं पान होतं. ते मी आज वाचलं.

'नियम ७. विद्यार्थिनीच्या स्थानिक पालकांनी दि. २८ रोजी सकाळी ११ वाजता आधार कार्डासह स्वतः उपस्थित राहून रेक्टरसमोर सही करावी. अन्यथा नूतनीकरण होणार नाही.'

मागच्या वर्षापर्यंत नुसतं नाव चालत होतं. विहिरीत पडता पडता वाचले. पडले असते तरी चाललं असतं.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून खरं लिहिते. दोन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी बाबांनी मला नंदुरबारच्या बाजारात एका दुकानातून चादर आणि सतरंजी घेऊन दिली आणि गाडी चुकेल म्हणून ते फाटकातूनच परत फिरले. आत रेक्टर मॅडमनी फॉर्म पुढे केला. स्थानिक पालक कोण? म्हणजे नंदुरबार शहरात तुझी जबाबदारी घेणारं कोण? नंदुरबार शहरात मला ओळखणारं एकच होतं, ते म्हणजे मी. मागे पोरींची रांग. मांडीवर दुकानाची पिशवी. पिशवीवर ठळक छापलेलं: 'चांदमल कांकरिया, लग्नाचा बस्ता, चादर, टॉवेल', खाली पत्ता आणि मोबाईल नंबर. मी ते जसंच्या तसं उतरवलं. लग्नाचा बस्ता तेवढा गाळला. नात्याच्या रकान्यात 'सख्खे काका' लिहिलं. नुसतं काका लिहिलं तर मॅडमना शंका येईल असं वाटलं.

मॅडमनी फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं, परत फॉर्मकडे बघितलं आणि ठेवून घेतला. आपण किती सफाईने काम केलं याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

१२ जून, गुरुवार

रमिलाला फोन केला. रमिला पावरा, माझी खोलीतली जोडीदारीण, धडगावच्या पुढची. तिनेही पहिल्या वर्षी असंच केलं होतं, मोबाईल रिचार्जवाल्याचं नाव लिहून. पण ती हुशार. मागच्या दिवाळीत जाऊन त्याला सांगून आली, आता त्याची बायको हिला फराळाला बोलावते. "तू पण सांगून टाक ना," म्हणाली. दोन वर्षं झाली म्हटलं, आता कोणत्या तोंडाने? ती म्हणाली, "मग पालकच बदल."

बदलता येतो. फॉर्म आहे त्याचा. आधीच्या स्थानिक पालकांचं लेखी संमतीपत्र जोडायचं. म्हणजे ज्या माणसाला मी कधी विचारलंच नाही, त्याने मला सोडायला परवानगी द्यायची.

१३ जून, शुक्रवार

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली, कारण लिहायची लाज वाटते.

बाबांना मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की चादरवाले सेठ माझे स्थानिक पालक झाले. बाबांच्या मनाला ते फार भिडलं. ओळख ना पाळख, आणि माणसाने पोरीची जबाबदारी घेतली! तेव्हापासून दर हंगामात ते सेठसाठी माझ्याबरोबर काहीतरी पाठवतात. तुरीच्या शेंगा, काकड्या, एकदा नागलीचं पीठ. मी दर वेळी सांगते, सेठने आठवण काढलीय. शेंगा आम्ही तिसऱ्या मजल्यावर हीटरवर उकडून खाल्ल्या. रमिला म्हणाली होती, तुझ्या काकांच्या शेंगा चांगल्या आहेत. मी पण हसले होते.

आज बाबांनी विचारलं, सही करायला सेठ कधी येणार? मी तारीख सांगितली. बाबा म्हणाले, "मीही येतो. दोन वर्षं झाली, तोंडाने आभार मानले नाहीत."

आता आगीतून उठून फुफाट्यात कशाला, सरळ चुलीतच बसावं.

१७ जून, मंगळवार

मेसचं आणि लायब्ररीचं ना-देय प्रमाणपत्र घ्यायला पॅसेंजरने नंदुरबारला आले. खरं काम दुकानात होतं. मनात भाषण पाठ केलं होतं: 'सेठ, मी तुमची अपराधी आहे.' स्टेशनपासून बाजारापर्यंत चार वेळा म्हटलं. दुकानाच्या पायरीवर चढले आणि म्हणाले, "रुमाल आहे का?"

सेठ पासष्टीचे, पांढरा शर्ट, गादीवर मांडी घालून बसलेले. गिऱ्हाइकाशी अहिराणीच बोलतात. "ये वं पोरी, बठ. यकच रुमाल?"

"एकच."

"कोनता गावनी शे तू?"

मी चिंचपाड्याकडची म्हटलं. त्यांनी चष्मा वर केला. "कॉलेजले शे ना? मंग आते तब्येत बरी शे ना तुन्ही?"

व्यापारी लोकांचं हे बरं असतं. चेहराही न ओळखता तब्येत विचारतात. बरी आहे म्हटलं आणि रुमाल घेऊन पळाले.

२० जून, शुक्रवार

परत गेले. परत रुमाल घेतला. या वेळी गल्ल्यावर त्यांच्या पत्नी होत्या, तारादेवी. त्यांनी मला पाणी दिलं, सेठशी मारवाडीत काहीतरी हळूच बोलल्या आणि दोघंही हसले. माझ्या एका चपलेचा अंगठा तुटलाय, त्याला हसले असणार. मी पाय मागे घेतला.

निघताना सेठ म्हणाले, "तो फिजिक्सना पेपर निंघी गया का?"

निघाला म्हटलं. बसमध्ये बसल्यावर वाटलं, यांना कसं माहीत माझा फिजिक्स राहिला होता? मग लक्षात आलं, बी.एस्सी.च्या कुठल्याही पोरीला विचारा, फिजिक्स राहिलेलाच असतो. सेठची दुनियादारी दांडगी आहे.

२४ जून, मंगळवार

आज शेवटचं ठरवून गेले. सांगायचंच. नाही म्हणाले तर नाही. निदान बाबा येण्याआधी कळेल.

पायरी चढले तर सेठ फोनवर होते. "हां मॅडम. शनवारले अकरा वाजता. आधार कार्ड लई येसु. तुमी काळजी करू नका." मला हाताने बस म्हणून खूण केली.

शनिवारी अकरा! नेमकं त्याच वेळी यांचं बँकेत नाहीतर कुठे काम निघालंय. कुणा मॅडमला शब्दही देऊन झाला. माझं नशीब एवढं फुटकं कसं असू शकतं? आता विचारण्यात अर्थच नव्हता. तिसरा रुमाल घेतला.

"तुले इतला रुमाल कसाले लागतस वं?" सेठने विचारलं.

सर्दी होते म्हटलं. तारादेवी आत गेल्या आणि पुडीत सुंठ बांधून घेऊन आल्या. म्हणाल्या, "गरम पानीमां लेजो बेटा." मी सुंठ घेतली. माझ्याकडे आता तीन रुमाल, एक सुंठेची पुडी आणि शून्य स्थानिक पालक आहेत.

२६ जून, गुरुवार

आईला अर्धं सांगितलं. म्हणजे सेठला त्या दिवशी काम आहे एवढंच. ती शेंगा निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "खोटं बोलताना तू खूप माहिती देतेस." मग प्रार्थना कर म्हणाली. केली. प्रार्थनेतही मी देवाला तपशील जास्तच दिला असं वाटतं.

आमशामामा संध्याकाळी येऊन गेला. दिवाळीनंतर ट्रक निघतो, नाव आतापासून लिहू का? बाबा म्हणाले, शनिवारनंतर सांगतो. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. मी पाणी आणायला गेले आणि विहिरीवर बसून पोटभर रडले. मला शिकायचंय. एवढी साधी गोष्ट, आणि मी ती एका पिशवीवर टांगून ठेवली.

२७ जून, शुक्रवार

उद्या. बाबांनी सदरा धुतलाय. आणि सेठसाठी कोंबडी बांधलीय.

आमच्याकडे मोठ्या माणसाचे आभार मानायचे तर कोंबडी देतात, आणि हात राखून द्यायचे असतील तर कोंबडा. बाबांनी घरातली सगळ्यात चांगली अंड्यावरची तांबडी निवडली. मी म्हटलं, बाबा, सेठ जैन आहेत, ते मांस खात नाहीत. बाबांनी क्षणभर विचार केला. "मग अंडी खातील," म्हणाले.

अंडीही नाही म्हणणार होते. पण ज्या पोरीने दोन वर्षं माणसाच्या शेंगा खाल्ल्या, तिने त्याच्या आहाराविषयी बोलावं?

बेत असा: वाटेत बाबांना सांगायचं, सेठ आजारी आहेत. रेक्टर मॅडमना सांगायचं, काका बाहेरगावी गेलेत. कोंबडी रमिलाच्या रिचार्जवाल्याला देऊन टाकायची.

२८ जून, शनिवार

बेत पॅसेंजरमध्येच मोडला. सेठ आजारी म्हटल्याबरोबर बाबा म्हणाले, "मग आधी त्यांच्या घरी जाऊ." तेव्हा मी सेठना बरं करून टाकलं.

अकराला दहा कमी असताना आम्ही रेक्टरच्या ऑफिसात. बाबा खुर्चीच्या टोकावर, पायाशी पिशवी, पिशवीतून कोंबडीची मान. रेक्टर मॅडमनी कोंबडीकडे बघितलं आणि माझी फाईल काढली. मी तोंड उघडलं, "मॅडम, काका आज..." आणि दारात सेठ उभे. पांढरा शर्ट, हातात आधार कार्ड, मागे तारादेवी.

मला वाटलं, पोलिसांत द्यायलाच आले.

बाबा उठले. हात जोडले. आमच्या बोलीतून सुरुवात केली, मग शाळेतली मराठी आठवून आठवून बोलले. "सेठ, तुम्ही माझ्या पोरीला दोन वर्षं सांभाळलं. आम्ही लांबचे. आम्ही फक्त शेंगा पाठवू शकलो. पीठ पाठवलं. तुम्हाला पोचलं ना?"

सेठ माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी नुसतं 'पोचलं' म्हटलं असतं तरी मी सुटले असते. पण ते माझ्यासाठी थांबले होते.

मग मी बोलले. सगळंच बोलले. पिशवी, रांग, सख्खे काका, शेंगा, हीटर. होस्टेलमध्ये हीटर वापरायला बंदी आहे, ते सांगायची काही गरज नव्हती, पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येत नाही. शेवटी म्हटलं, "हे माझे कुणी नाहीत. यांना काही माहीत नाही. मी यांचं नाव चोरलं."

खोलीत फक्त कोंबडी बोलत होती.

रेक्टर मॅडम म्हणाल्या, "गावितांच्या पोरीचा सख्खा काका कांकरिया! मी काय नंदुरबारात काल आले होते? तू फॉर्म भरलास त्याच संध्याकाळी मी यांना फोन केला होता. तुझं नाव कापणारच होते."

"मी सांगं, आते लिखी टाकं ना पोरनी, ते ऱ्हाऊ द्या," सेठ म्हणाले. मग बाबांकडे वळून, "काका नही शे मी. खोटं मी बोलत नही. पन गावमा कोनी ऱ्हातं, ते मन्हं नाव कसाले लिखती ती?"

मॅडमनी कपाटातून एक रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. 'पालक संपर्क नोंद.' माझ्या नावाचं पान. मी वाचलं. बाबांनी 'मोठ्याने' म्हटलं, म्हणून मोठ्याने वाचलं.

'१७ सप्टेंबर. ताप १०२. स्थानिक पालकांना फोन. म्हणाले, डॉक्टरांकडे न्या, गाडी पाठवतो. संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन, उतरला का.'

ती गाडी मला आठवते. मला वाटलं होतं, ती कॉलेजची.

'६ डिसेंबर. चाळीस मिनिटे उशीर. पालकांना कळवले. म्हणाले, रागवा, पण आधी जेवू द्या.'

'१२ फेब्रुवारी. फिजिक्स राहिला. वसतिगृहातून फोन केला नव्हता. पालकांनी स्वतः करून विचारले.'

अजून होतं. पुढच्या ओळी मला दिसेनात. तिन्ही रुमाल घरी राहिले होते, ओढणीने डोळे पुसले.

बाबा उभेच होते. मला वाटलं, आता म्हणतील, चल घरी. मामाचा ट्रक डोळ्यांपुढे आला. बाबा मला फार हळू आवाजात म्हणाले, "खोटं लिहिलंस त्याचं मॅडम बघतील. पण या माणसाचे आभार मानायला मला दोन वर्षं उशीर झाला. तो तुझ्यामुळे." एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि दोन्ही हातांनी सेठपुढे धरली.

मी डोळे मिटले. पासष्ट वर्षांचा जैन माणूस, पांढराशुभ्र शर्ट, आणि जिवंत कोंबडी. तारादेवींनी पदर तोंडाला लावला. सेठने माझ्या बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कोंबडी घेतली. छातीशी, तान्हं मूल धरावं तशी. "मन्हा घर हाई मरानी नही," ते बाबांना म्हणाले. "चाली का?"

बाबा म्हणाले, "चालेल."

मॅडमनी माझ्याकडून अर्धं पान माफीनामा लिहून घेतला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि मग फॉर्म पुढे केला. सख्खे काका खोडलं. नातं लागतच नाही म्हणाल्या, जबाबदार माणूस लागतो. सेठने कोंबडी डाव्या काखेत घेऊन उजव्या हाताने सही केली. सही थोडी हलली आहे. खोली अकरा, खाट तीच.

हीटर मात्र मॅडमनी जप्त केला.

१ जुलै, मंगळवार

आज सकाळी फोन. नंबर पिशवीवरचा, मला पाठ असलेला. दोन वर्षांत सेठने थेट मला केलेला पहिलाच.

"पोरी, अंडं दिन्हं तिनी. बस्त्याना शालूवर. आते काय करानं?"

मागून तारादेवींचा आवाज येत होता. त्या अंड्याला हात लावणार नव्हत्या, सेठ लावणार नव्हते, दुकानातला नोकर सुट्टीवर होता आणि दर्शनाला जायची वेळ टळत होती. मी धावत गेले. शालू वाचला. अंडं रुमालात बांधून आणलं, रमिलाने खाल्लं. सेठने कोंबडीसाठी दुकानामागे टोपली ठेवलीय, पण ती म्हणे तिथे बसत नाही, तिला शालूच लागतो.

हे रोज होणार, तेही त्यांच्या दर्शनाच्या वेळेआधी. पण होस्टेलच्या मुलींना सकाळी सातच्या आत बाहेर पडता येत नाही. स्थानिक पालकांचं पत्र असेल तरच. सेठला सांगितलं. ते म्हणाले, लिहून देतो, आणि लगेच दुकानाच्या कागदावर, कार्यालयात चालेल अशा मराठीत, एकेक अक्षर जुळवत लिहिलं. मी म्हटलं, कारणात 'घरगुती काम' लिहा, मॅडम जास्त विचारणार नाहीत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

'कु. रविना दलपत गावित हीस रोज सकाळी साडेसहा ते सात आमचे दुकानी येऊ द्यावे. कारण, अंडे उचलणे. चांदमल कांकरिया, स्थानिक पालक.'

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं, खाली 'मंजूर' लिहिलं आणि माझ्या फाईलला लावलं. त्या फाईलमध्ये माझ्याविषयी अक्षरन् अक्षर खरं असलेला हा पहिला कागद.